ऐंशीतले बावीस

वाढदिवसाला भाचीने अल्कोहोल मार्करचा संच दिला. काळ्या पिशवीची चेन उघडून मी पहिलं काम केलं ते मोजण्याचं. ऐंशी भरले. बरोबर पारदर्शक शिक्क्यांचं एक पाकीट होतं: किटली, छत्री, गोगलगाय, तीन तऱ्हेची पानं, फांदीवरचा पक्षी आणि एक झोपलेलं मांजर. “मामा, आता रेघा मारायच्या नाहीत, नुसतं रंगवायचं,” असं बजावून ती गेली. त्याला आठ महिने झाले. एवढ्यात चाळीसेक शुभेच्छापत्रं केली, त्यातली एकोणतीस पाठवण्याजोगी निघाली, आणि ऐंशी मार्करपैकी बावीस माझ्या टेबलावर राहिले. उरलेले अठ्ठावन्न अजून त्या पिशवीतच आहेत.

संचाचं नाव सांगत नाही. चौकोनी अंग, एका टोकाला ब्रश, दुसऱ्या टोकाला छिन्नीसारखी चपटी निब, अशा धाटणीचे संच बरेच मिळतात. घेण्याआधी काय बघायचं ते कळलं म्हणजे झालं.

मी तेहतीस वर्षं ड्राफ्ट्समन होतो. ट्रेसिंग पेपर, टी-स्क्वेअर, ०.३५ ची पेन, ब्लेडने खरवडून काढलेल्या चुका, सगळं त्यातलं. निवृत्तीनंतर उजव्या हाताला कंप आला. फार नाही, शर्टाची बटणं लागतात. पण रेघ मारायला घेतली की पट्टी धरूनही ती शहारल्यासारखी येते. ज्या माणसाने जन्मभर रेघेवर पोट भरलं त्याला हे बघवत नाही. शिक्का थरथरत नाही, एवढ्यासाठी मी या छंदात शिरलो. किटलीची कड जशी कोरली आहे तशीच उमटते, आणि आत रंग भरताना हात जरा हलला तरी अल्कोहोलची शाई ते पोटात घालते.

ती कशी पोटात घालते, ते महत्त्वाचं आहे. साध्या पाण्याच्या स्केचपेनने एका जागेवर दोनदा फिरवलं की पट्टे दिसतात, तिसऱ्यांदा कागदाचा भुसा निघतो. अल्कोहोल मार्करमध्ये रंग अल्कोहोलमध्ये विरघळलेला असतो. ओला असेपर्यंत तो शेजारच्या ओल्या रंगात मिसळतो, आणि वाळलेल्या रंगावर पुन्हा शाई आली की जुना रंगही थोडा सुटतो. म्हणून कडा विरतात, पट्टे बुजतात. या बाबतीत माझ्या संचाला नावं ठेवायला जागा नाही. गडद आणि फिक्या छटेमधली सीमा तो छान पुसतो. अट एकच, त्या दोन छटा मुळात एकमेकींच्या बहिणी असायला हव्यात.

आणि इथेच माझं बिनसलं.

या संचाच्या टोपणांवर नुसते आकडे आहेत. ४७ जांभळा, ४८ शेवाळी, ४९ बहुधा गुलाबी (बहुधा अशासाठी की टोपण गुलाबी आहे, शाई विटकरी). तुम्हाला फिका हिरवा, त्याहून गडद हिरवा आणि सावलीचा हिरवा असे तीन हवे असतील तर ऐंशी टोपणं उघडून बघा. ड्रॉइंगच्या कचेरीत कुणी नकाशांना असे क्रमांक दिले असते तर संध्याकाळपर्यंत त्याची बदली झाली असती.

याउलट कॉपिकची पद्धत बघा. १९८७ मध्ये जपानात आलेले हे मार्कर. त्यांच्या क्रमांकात आधी रंगाच्या घराण्याचं अक्षर येतं, म्हणजे आर लाल, बी निळा, वायजी पोपटी-हिरवा, ई मातकट तपकिरी. मग पहिला आकडा त्या घराण्यातला गट आणि रंगाचा भडकपणा सांगतो. तो जितका मोठा तितका रंग मळकट. शेवटचा आकडा छटा किती गडद ते सांगतो. म्हणजे ई ३१, ई ३३, ई ३५ ही एका ओळीत वाढणारी भावंडं, हे टोपण न उघडताच कळतं. कॉपिक स्केचमध्ये ३५८ रंग आहेत आणि तरी माणूस हरवत नाही, कारण त्याला पत्ता दिलेला आहे. आमच्या ऐंशींना पत्ताच नाही.

तेव्हा मी पहिले दोन दिवस एकही कार्ड केलं नाही. तक्ता केला. ए-४ कागदावर २० मिलिमीटरचे चौकोन आखले, आठ उभ्या ओळी, दहा आडव्या. (पट्टी धरून, रेघा शहारल्या, असू द्या.) प्रत्येक चौकोनात अर्ध्या भागात एक हात आणि उरलेल्या अर्ध्यात दोन हात. दोन हातांचा रंग एका हातापेक्षा चांगलाच गडद येतो, म्हणजे एकाच मार्करमधून दोन छटा फुकट मिळतात. ही गोष्ट संचाच्या डब्यावर लिहायला हवी होती. तक्ता ओला असताना वाचू नका. शाई वाळली की रंग एक पायरी उतरतो, आणि टोपणाच्या रंगाशी त्याचा संबंध असलाच तर लांबचा असतो. तक्ता त्याच कागदावर करा ज्यावर पुढे काम करणार आहात, कारण कागद बदलला की तोच मार्कर वेगळा रंग देतो.

तक्ता वाळल्यावर खरी मोजणी झाली. ऐंशीत चार लाल असे की एकमेकांशेजारी ठेवल्यावर मलाच ओळखू येईनात. सहा झगझगीत, चकाकणारे रंग, जे मी एका गोगलगायीवर वापरले आणि ती रस्त्यावर काम करणाऱ्याच्या जॅकेटसारखी दिसू लागली. गडद जांभळे पाच. फिके रंग मात्र मोजून नऊ. छटा चढवताना सगळ्यात जास्त खपतो तो फिका रंग, कारण पहिला थरही त्याचाच आणि शेवटी सगळं एकजीव करणारा हातही त्याचाच. संच भरताना कुणीतरी पिशवी उघडल्यावर डोळे दिपतील एवढाच विचार केलेला आहे. राखाडी फक्त तीन, तेही एकाच निळसर घराण्यातले. राखाडी रंगाला कुणी विचारत नाही, पण पांढऱ्या मांजराची सावली, किटलीखालची सावली, ढगाचं पोट, सगळं त्याच्यावर चालतं. माझे ते तीन सर्वात आधी संपत आले.

आता किटली कशी रंगवतो ते सांगतो, म्हणजे बावीसच का उरले ते कळेल. उजेड कुठून येतो ते आधी ठरवायचं. आमच्या धंद्यात तो डाव्या खांद्यावरून येतो, पंचेचाळीस अंशात. ती सवय मी मोडलेली नाही. रद्दी कागदावर बाण काढून समोर ठेवतो, कारण मध्येच विसरायला होतं आणि मग किटलीवर उजेड डावीकडून आणि झाकणावर उजवीकडून पडतो. सगळ्यात फिका निळा आधी पूर्ण पोटावर, फक्त चमकेच्या जागी कागद कोरा सोडून. मग मधला निळा उजव्या बाजूने आत, ब्रशची निब टेकवून बाहेर उचलत, म्हणजे फटकारा मुळाशी जाड आणि टोकाशी बारीक येतो. मग गडद निळा अगदी कडेला आणि तोटीच्या मुळाशी, कंजूषपणे. आता उलट यायचं. मधल्याने गडदाची कड पुसायची, फिक्याने मधल्याची. ओला असतानाच. फोन वाजला तर वाजू द्यायचा.

ब्रशची निब मात्र या संचाची मला खरोखर आवडली. लवचीक आहे, दाब कमी-जास्त केला तसा फटकारा बदलतो. दुसरं चपटं टोक आठ महिन्यांत तीनदा वापरलं, मोठं आकाश भरायला. घेताना नीट बघून घ्या, कारण काही संचांत ब्रशऐवजी टणक बारीक टोक असतं. त्याने भरता येतं, पण निमुळता फटकारा येत नाही, आणि तो नसेल तर छटेची अर्धी मजा गेली.

एक मार्कर बिनरंगी आहे. अशा मार्करला ‘ब्लेंडर’, म्हणजे मिसळणारा, म्हणतात, त्यावरून मला वाटलं की याने दोन रंग मिसळायचे. तसं करायला गेलो आणि पक्ष्याच्या छातीवर पांढरट डाग पडला, जणू ओल्या भिंतीवर पाणी उडालं. त्यात रंगाशिवायचं नुसतं अल्कोहोल आहे. ते रंगाला मिसळत नाही, पुढे ढकलतं. हे कळल्यावर तो कामाचा झाला. रेघेबाहेर गेलेला रंग बाहेरून आत ढकलायला, छत्रीच्या गडद कापडावर ठिपक्यांची नक्षी उठवायला. पूर्ण पुसतो असं नाही, डाग फिका होतो. त्या बावीसांत तो एकविसावा. बाविसावा काळा आहे, आणि त्याला मी फार भितो.

शाईच्या पॅडची गोष्ट माझ्या मूर्खपणाची आहे, पण सांगतोच. घरात कचेरीच्या काळातलं एक जांभळं पॅड होतं, ज्यावर शिक्का टेकवून मी हजारो ड्रॉइंगवर ‘मंजूर’ उठवलं. त्याच्यात किटली बुडवली, ठसा सुरेख आला, आणि पहिल्या पिवळ्या फटकाऱ्यासरशी सगळी किटली जांभळी वाहून गेली. अल्कोहोल मार्करखाली ठशाची शाई अशी हवी की जी अल्कोहोलला दाद देत नाही. त्सुकिनेको कंपनीचं मेमेंटो नावाचं पॅड त्यासाठी चालतं. काळा ठसा उठवून पाच मिनिटं हात बांधून बसायचं, मग रंगवायचं. रेघ हलत नाही. त्यांचंच स्टॅझऑन मात्र इथे नको. ती पाण्याऐवजी द्रावकात कालवलेली शाई आहे, काचेवर-धातूवर टिकणारी, पाण्याच्या रंगांखाली उत्तम, पण अल्कोहोल मार्करखाली सुटते. म्हणजे ‘पक्की शाई’ एवढं वाचून पॅड घेऊ नका, कशाला पक्की ते विचारा.

पॅडशिवायचीही एक वाट आहे. लेझर प्रिंटरवर छापलेलं रेखाचित्र कॉपिकने थेट रंगवता येतं. झेरॉक्सचा टोनर विरघळू नये असाच तो मार्कर घडवला आहे, त्याचं नावही ‘कॉपी’वरूनच आलं. माझ्या संचावरही हे जमलं. इंकजेटचा छापा मात्र फुटतो.

आता कागद. सगळ्यात जास्त शिव्या मी कागदाला दिल्या आहेत आणि सगळ्यात जास्त उशिरा शहाणपण तिथेच आलं. सुरुवातीला हाताशी होता तो छपाईचा साधा ८० जीएसएमचा कागद घेतला (जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन). शाई पलीकडे गेली, त्याखालच्या कागदावर गेली, टेबलावर गेली. शिक्क्यातल्या पानाची कड रंगवली तर रंग रेघेबाहेर केसाळ होऊन फुटला. मग जाड चकचकीत कागद आणला. त्यावर शाई जिरेचना. वर तरंगली, बोट लागलं तिथे ठसा उठला, दुसरा थर दिला तर पहिला सोलून निघाला. मग जलरंगाचा खरबरीत कागद. तो तहानलेला. फिका रंग पिऊन टाकला, मिसळायला काही शिल्लकच ठेवलं नाही, आणि ब्रशच्या निबेला केस फुटले.

हवा तो कागद गुळगुळीत, पण चकचकीचा लेप नसलेला, पांढराशुभ्र आणि २५० ते ३०० जीएसएमच्या आसपासचा. बोट फिरवलं तर अंड्याच्या कवचासारखा लागतो. या छंदातली मंडळी नीना कंपनीच्या सोलर व्हाइटचं नाव घेतात. त्याची ८० पौंडी जात सुमारे २१६ जीएसएमची आणि ११० पौंडी सुमारे ३०० ची. तोच हवा असं नाही, पण घेताना एक तुकडा मागून त्यावर मार्कर चालवून बघा. मी आता दुकानात खिशात दोन मार्कर घेऊन जातो. दुकानदार तोंड वाकडं करतो, करू दे. बदललेल्या कागदावर तोच संच इतका वेगळा वागला की आधीच्या तीन महिन्यांत मार्करला लावलेले निम्मे दोष मागे घ्यावे लागले.

चांगल्या कागदातूनही शाई मागे पाझरते. तो दोष नाही, ती पूर्ण जिरल्याची खूण आहे. म्हणून चित्र थेट कार्डावर रंगवत नाहीत, वेगळ्या तुकड्यावर रंगवून कार्डावर चिकटवतात. खाली रद्दीचा कागद ठेवायचा. आणि रेघेपर्यंत रंग न नेता केसभर आधी थांबायचं, शाई स्वतःच्या पायाने तिथवर चालत जाते. कंप असलेल्या माणसाला ही केसभर सवलत म्हणजे मोठाच दिलासा आहे.

शिक्क्यांबद्दल थोडक्यात, कारण त्यांनी त्रास कमी दिला. पारदर्शक शिक्का ॲक्रिलिकच्या ठोकळ्यावर आपोआप चिकटतो आणि आरपार दिसतं, त्यामुळे ठसा कुठे पडणार ते आधी कळतं. लाकडी दांड्याच्या शिक्क्यात ते नशिबावर. नवा शिक्का शाई धरत नाही, तिचे थेंब होतात. त्यावर खोडरबर हलकेच फिरवला की ठीक होतो. खाली फोमचा पातळ तुकडा ठेवला की ठसा सगळीकडे सारखा येतो. पॅडवर शिक्का दाबायचा नाही, थोपटायचा. आणि ठसा उठवताना ठोकळा डुलवायचा नाही, ही माझी कचेरीतली सवय सुटायला वेळ लागला. मांजराच्या मिशा मात्र या पाकिटात इतक्या बारीक कोरल्या आहेत की दहातल्या चार वेळा तुटक येतात. शिक्के उन्हात ठेवू नका, पिवळे पडतात. चिकटपणा गेला तर कोमट पाणी आणि साधा साबण.

बिजागरी असलेलं ठसे उठवायचं यंत्रही मी नंतर घेतलं. झाकणाला शिक्का चिकटवायचा, कागद चुंबकाने जागेवर बसवायचा, आणि ठसा अर्धवट आला तर शाई लावून झाकण पुन्हा मिटायचं. बरोब्बर त्याच जागी पडतो. मांजराच्या मिशा त्यामुळे वाचल्या. हात स्थिर असलेल्याला याची गरज नाही, मला होती.

कार्ड कापण्यात मी जुना खेळाडू. ए-४ अर्धा कापला, घडी घातली, १०५ बाय १४८ चं कार्ड तयार, सी-६ पाकिटात नीट बसतं. रंगवलेला तुकडा ९९ बाय १४२ चा, म्हणजे चहूबाजूंनी तीन मिलिमीटरची चौकट सुटते. घडी कागदाच्या तंतूंच्या दिशेने घाला, आडवी घातली तर जाड कागद घडीवर फाटल्यासारखा तडकतो. दिशा कळायला कागद दोन्ही बाजूंनी हलकेच वाकवून बघायचा. ज्या बाजूने सहज वाकतो ती तंतूंची. घडीची खूण शाई संपलेल्या बॉलपेनने दाबून करा, आणि मागे जो उंचवटा उठतो तो घडीच्या आत जाऊ द्या. हे मला कुणी शिकवायला नको होतं, तरी पहिलं कार्ड उलटंच घडलं.

शुभेच्छांचे शब्द ही आपल्या लिपीची वेगळी अडचण. रोमन अक्षरांचे सुटे शिक्के एकापुढे एक ठेवले की शब्द होतो. देवनागरीत ते जमत नाही. शिरोरेघ सांध्यावर तुटते, वेलांटी शेजारच्या अक्षरावर पडते, जोडाक्षराला तर वेगळाच शिक्का हवा. मी खूप खटपट केली आणि ‘लवकर बरे व्हा’ हे तीन शब्द तीन वेगवेगळ्या उंचीवर बसवले. वाचून आजारी माणूस आणखी खचला असता. आता हातानेच लिहितो. मोठं ठळक लिहायचं, खाली पेन्सिलची रेघ आखून, शिरोरेघ सगळ्यात शेवटी एका दमात ओढायची. ती थरथरते. ज्यांना कार्ड जातं त्यांना माझं अक्षर ठाऊक आहे.

एक सूचना मात्र गंभीरपणे. हे रंग उजेडात उडतात. खिडकीत लावलेलं एक पत्र चार महिन्यांत इतकं फिकटलं की गुलाबी छत्री मळक्या पांढऱ्या रंगाची झाली. पेटीत ठेवलेलं त्याच दिवशीचं दुसरं जसंच्या तसं आहे. भिंतीवर फ्रेम करून लावायचं असेल तर चित्राची रंगीत प्रत काढून ती लावा.

आणि टिकाऊपणा. आठ महिन्यांत तीन मार्कर कोरडे पडले, टोपण ‘कट्’ आवाज येईपर्यंत लावूनही. आडवे ठेवा, उभे ठेवले तर शाई एकाच टोकाला उतरते. मी आडवेच ठेवत होतो. शाई भरायची सोय या संचात नाही, निब बदलता येत नाही, सुटा मार्कर मिळत नाही. म्हणजे फिका निळा संपला की पुन्हा ऐंशी घ्या, त्यात पुन्हा ते चार जुळे लाल. कॉपिकमध्ये बाटलीतून शाई भरता येते आणि निब चिमट्याने ओढून बदलता येते. त्यांची चाओ ही लहान जात १८० रंगांत येते, तिच्यातही शाई भरता येते. हौसेसाठी तेवढी पुरे.

पाचापैकी तीन तारे. शिकायला संच चांगला आहे, मिसळतो छान, निब उत्तम. अर्धा तारा त्या आकड्यांचा कापला, एक शाई न भरता येण्याचा, अर्धा त्या झगझगीत गोगलगायीचा. अगदी नव्याने सुरू करणार असाल तर ऐंशीच्या मोहात पडू नका. तीन निळे, तीन हिरवे, तीन मातकट, तीन राखाडी, एक फिका गुलाबी, एक बिनरंगी, असे चौदा सुटे घ्या, आणि उरलेल्या पैशांचा कागद.

भाची परवा येऊन गेली. पिशवीतले अठ्ठावन्न तिने उघडून बघितले, चारही लाल एका ओळीत मांडले आणि म्हणाली, “मामा, हे वेगळे आहेत की.” मी तक्ता काढून दिला. बराच वेळ खिडकीशी उभी राहून बघत होती. मग तिसरा लाल उचलून स्वतःच्या पर्समध्ये टाकला. आता एकोणऐंशी.